हिशेबाची दुसरी प्रत

ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेला पूर आला आणि यमगर्णीजवळ महामार्ग बंद पडला, हे आपल्या भागातील वाचकांना आठवत असेलच. त्या पुरात माझ्या मामांच्या नदीकाठच्या तंबाखूच्या वखारीत पाणी शिरले. संगणक टेबलावर होता आणि हिशेबाची प्रत असलेली हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात. दोन्ही गेले. पुढे चार महिने मामी आणि मी बिले, पासबुके व शेतकऱ्यांकडील पावत्या जुळवीत बसलो. तरीही काही उधारी बुडालीच. प्रत होती; पण ती मूळ वहीशेजारीच होती, हा खरा दोष.

कायद्यालाही हे मान्य आहे. कंपन्यांच्या संगणकीय हिशेबाची प्रत भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावी, अशी दुरुस्ती ऑगस्ट २०२२ मध्ये नियमांत झाली. जीएसटीचे दप्तर तर वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागते. मामांची पेढी कंपनी नाही. पण पूर काही नियम वाचून येत नाही.

तेव्हा प्रत निपाणीहून बेळगावला, माझ्या खोलीवर पाठवायचे ठरले. बिलांच्या छायाचित्रांसह सारे दप्तर ४० जीबी भरले. वखारीतून माहिती वर जाण्याचा वेग सेकंदाला २ मेगाबिट. आता गणित करा : ४० जीबी म्हणजे ३,२०,००० मेगाबिट, त्याला लागतात १,६०,००० सेकंद, म्हणजे ४४ तासांहून अधिक. एवढा वेळ वीज आणि लाईन टिकेल, असे कोण म्हणेल? म्हणून पहिली पूर्ण प्रत मी डिस्कवर घेतली आणि एस.टी.ने बेळगावला आणली. सुमारे पाऊणशे किलोमीटरचा हा प्रवास लाईनपेक्षा कितीतरी वेगवान ठरला!

त्यानंतर रोज रात्री फक्त त्या दिवशी बदललेला भाग पाठवायचा. तो सुमारे १५० एमबी; दहा मिनिटांचे काम. आपल्या भाषेत सांगायचे तर पूर्ण प्रत म्हणजे आरंभीची शिल्लक आणि रोजचा तुकडा म्हणजे रोजकीर्द. रोज कोणी सारी खतावणी नव्याने उतरवीत नाही.

मोठ्या फाईलमध्ये थोडाच बदल झाला असेल तर? ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये ‘आरसिंक’ ही पद्धत मांडली. जुनी प्रत असलेला संगणक तिचे ठोकळे पाडतो आणि प्रत्येकाची छोटी बेरीज-खूण दुसऱ्या टोकाला कळवतो. तिथे नव्या फाईलशी खुणा ताडून पाहिल्या जातात व न जुळणारा भागच पाठवला जातो. मात्र फाईल आधीच आवळून किंवा कुलूपबंद करून ठेवली, तर लहान बदलानेही पुढचे सारे बदलू शकते आणि हा फायदा हातचा जातो.

रोजकीर्दीचा धोकाही इथे आहेच. मधले एक पान हरवले की पुढची शिल्लक चुकते. तीन महिन्यांनी मी बेळगावात सर्व तुकडे जोडून हिशेब उघडला, तर तेरीज जुळेना. माझा कन्नड भाषिक खोलीमित्र रोज विचारी, “लेक्क सरि आतेन?” चौथ्या दिवशी सापडले : एका मंगळवारी वीज गेली, तुकडा अर्धाच पोचला आणि मी तो पुरा धरला होता. मूळ तुकडा निपाणीत होता, म्हणून निभावले.

तेव्हापासून काही नियम पाळतो. हिशेबाचा प्रोग्राम बंद केल्यावरच प्रत घ्यायची. येणारा तुकडा तात्पुरत्या नावाने ठेवायचा. दोन्ही टोकांच्या खुणा जुळल्या की मगच खरे नाव द्यायचे. लाईन तुटली तर तुटल्या जागेपासून पुढे पाठवायचे. आणि जुने तुकडे लगेच पुसायचे नाहीत; कारण चुकून खोडलेली नोंद नव्या प्रतीतही खोडलेलीच येते. दर तीन महिन्यांनी नवी पूर्ण प्रत घेतो, म्हणजे साखळी फार लांबत नाही.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बेळगावची प्रत उघडून तेरीज काढतो आणि मामांना फोनवर बेरीज वाचून दाखवतो. पलीकडे ते आपल्या संगणकावर बोट ठेवून ऐकतात. “जुळली रे,” असे ते म्हणाले की मगच आम्ही दोघे फोन ठेवतो.