दमलीस तर आधी सांग

चि. मृणाल,

तू आणि निखिल येत्या एन्ड्युरो थ्री या साहसी शर्यतीत उतरताय, हे ताईने फोनवर सांगितलं. सांगितलं म्हणजे तक्रारच केली. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय, घराचे हप्ते सुरू झालेत आणि या पोरांना रात्रीबेरात्री डोंगरात सायकली खांद्यावर टाकून हिंडायचंय, असा एकंदर सूर होता. तिची समजूत मी काढते. तू मात्र माझ्याकडे सरावाचं वेळापत्रक मागितलंस, ते काही मी देणार नाही. आठवड्याला किती पळायचं आणि किती सायकल मारायची हे सांगणारे पुण्यात पैशाला पासरी मिळतात, आणि त्यातले काही खरोखर चांगले आहेत. तुझे काका आणि मी इतकी वर्षं या शर्यती जोडीने करत आलो, त्यातून जे कळलं ते वेळापत्रकात बसणारं नाही.

ही पळण्याची शर्यत आहे, हे आधी डोक्यातून काढून टाक. तुम्ही दोघांनी मॅरेथॉन केल्यात. तिथे रस्ता आयोजक आखून देतात आणि दर थोड्या अंतरावर पाणी घेऊन माणसं उभी असतात. इथे हातात नकाशा देतात, त्यावर चेकपॉइंट दाखवतात आणि मधली वाट तुमची तुम्ही शोधायची असते. चालणं, पळणं, सायकल, होडी, मधेच दोराचं काहीतरी. मोठ्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत तर जीपीएसलाही बंदी असते. नकाशा आणि होकायंत्र, बस्स. त्यामुळे पाय कितीही तयार असले तरी डोकं थकलं की संघ थकतो.

या खेळाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. बाकी बहुतेक खेळांत मिश्र गट म्हणजे मुख्य सामने आटोपल्यावरची जोडणी. जागतिक पातळीवरच्या या शर्यतींत मुख्य गटच मिश्र असतो. चौघांचा संघ, आणि त्यात सगळे पुरुष चालत नाहीत. २०१९ साली फिजीत झालेली इको-चॅलेंज तू पाहिली असशील, बेअर ग्रिल्सची मालिका आली होती ती. ६७१ किलोमीटर अंतर, अकरा दिवसांची मुदत, ६६ संघ. आपल्याकडून एव्हरेस्ट चढलेल्या ताशी आणि नुंग्शी मलिक या जुळ्या बहिणी तिथे संघ घेऊन गेल्या होत्या. चौघांतल्या एकाने जरी शर्यत सोडली तरी संघ क्रमवारीतून बाद, आणि वेळ धरतात ती शेवटचा माणूस पोचल्यावरची. म्हणजे तुमच्यातलं कोण सगळ्यात जोरात पळतं याला काडीची किंमत नाही. सगळ्यात मागे असलेला किती नेटाने चालतो, तोच तुमचा वेग.

न्यूझीलंडमध्ये १९८३ पासून 'कोस्ट टू कोस्ट' नावाची शर्यत होते. टास्मान समुद्राच्या काठावरून निघायचं आणि दक्षिण बेट आडवं कापून पॅसिफिकचा किनारा गाठायचा, २४३ किलोमीटर. सायकल, डोंगरातली धाव, नदीतली होडी. रिचर्ड अशर ती पाच वेळा जिंकला. त्याची बायको एलिना मूळची फिनलंडची, तीही ती जिंकली. एरवी एकेकटे जिंकणारे हे दोघे संघातून एकत्रही उतरायचे. अशा जोड्या पाहिल्या की वाटतं, किती सोयीचं! माणूस घरचं, त्याला काही सांगावं लागत नाही, न बोलता कळतं. तुलाही तसंच वाटत असणार. गोम तिथेच आहे.

अनोळखी माणसं एका संघात आली की एकमेकांना सगळं सांगतात. पाणी संपलं, टाच चुरचुरतेय, डोकं हलकं झालंय. नवरा-बायको सांगत नाहीत. बायकोला वाटतं, याला माझा चेहरा बघून कळायला हवं. नवऱ्याला वाटतं, हिच्यासमोर कसं थांबायचं. आणि रात्री अकरा वाजता चेहरा दिसतच नाही गं. कपाळाला टॉर्च असते. समोरच्याकडे मान वर करून बघितलं तर झोत थेट त्याच्या डोळ्यांत जातो, म्हणून सगळे खाली बघून बोलायला शिकतात. दिसतात ते फक्त बूट. बूट बघून कोणाला कळणार आहे की तू दोन तास काही खाल्लेलं नाहीस?

म्हणून आमचा नियम आहे. घड्याळात दर अर्ध्या तासाचा गजर. तो वाजला की प्रत्येकाने तीन गोष्टी मोठ्याने सांगायच्या. मघापासून काय खाल्लं, पाणी किती उरलं, पायांचं काय. 'मी ठीक आहे' हे उत्तर धरत नाहीत. बावळटासारखं वाटतं सुरुवातीला, मला तर हसू यायचं. पण चुरचुर आहे तोवर बूट काढून पाय पुसून टेप लावायला पाच मिनिटं लागतात, आणि फोड फुटल्यावर ती टेप ओल्या कातडीला धरतच नाही. मग पुढचे सहा तास लंगडत. खाण्याचंही तेच. रक्तातली साखर उतरली की भूक लागल्याचं कळण्याआधी माणूस चिडका होतो. निखिल चांगल्या वाटेवर उगाच हुज्जत घालायला लागला तर तू हुज्जत घालू नकोस, त्याच्या हातात चिक्की दे आणि दहा मिनिटं थांब. नुसतं पाणी ढोसू नका, मिठासाखरेचं पाणी किंवा ओआरएस हवंच. घाम गाळत साधं पाणी पीत राहिलं तर शरीरातलं मीठ उतरतं, गरगरतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं आपल्याला पाणीच कमी पडलं.

आता दोरीबद्दल. तुला हे कोणी सांगितलं नसेल. या खेळात जो जोरात आहे तो मागच्याला ओढतो, अगदी शब्दशः. आम्ही सायकलची जुनी ट्यूब वापरतो. व्हॉल्व्हचा भाग कापून टाकायचा, दोन्ही टोकांना गाठी, एक टोक पुढच्याच्या सॅकच्या खालच्या पट्ट्याला, दुसऱ्या टोकाला कॅराबिनर. तो मागच्याने आपल्या सॅकच्या छातीवरच्या पट्ट्यात अडकवायचा. ट्यूब ताणली जाते म्हणून झटका बसत नाही, चढावर पाठीमागून कोणीतरी हलकेच ढकलतंय असं वाटतं. उताराला आणि घसाऱ्यावर मात्र आधी सोडायची, नाहीतर एक घसरला की दुसरा त्याच्यावर. सायकलवरही ओढता येतं, पण ते सपाट रस्त्यावर शिकल्याशिवाय करू नका.

आता खरं सांगू? दोरी लावून घ्यायला बायकांपेक्षा पुरुषांना जास्त जड जातं. रात्री दोननंतर तुझ्या काकांचा वेग मंदावतो, माझा नाही. सुरुवातीला ते मला दोरी लावू द्यायचेच नाहीत. वाटेत दुसरा संघ भेटला तर काय म्हणतील! शेवटी आम्ही घरी, चहा पिताना, ठरवून टाकलं. मागचा दहा पावलं मागे पडला की पुढच्याने न विचारता दोरी लावायची, आणि मागच्याने न बोलता घ्यायची. आभार नाहीत, माफी नाही, नंतर पाहुण्यांसमोर त्याची गोष्टही नाही. वजनाचंही तसंच. कोणाच्या सॅकमधून काय काढून कोणाच्या सॅकमध्ये घालायचं हे शर्यतीआधी ठरवा. चढावर भर उन्हात ठरवायला बसलात तर ते उपकार होतात.

होडीचं बोलते. दोघांच्या कयाकला कयाकवाले गमतीने घटस्फोटाची होडी म्हणतात, आणि ती गंमत फारशी गंमत नाही. पुढे बसलेल्याला मागचा दिसत नाही, मागच्याला पुढच्याची पाठ तेवढी दिसते. दोघांनाही ठाम वाटतं की दुसरा वल्हवत नाहीये. नियम एवढाच की पुढच्याने लय धरायची, मागच्याने ती पाळायची आणि दिशा सांभाळायची. मागच्याने आपलीच लय चालवली की वल्ही एकमेकांवर आपटतात. वजनदार माणूस सहसा मागे बसतो, म्हणजे निखिल. म्हणजे लय तुझी. ती पहिल्या दहा मिनिटांत तुला वाटेल त्यापेक्षा हळू धर. धरणाच्या पाण्यावर दुपारी वारा समोरून आला की त्या सावकाश लयीचं मोल कळेल. लाइफ जॅकेट घातल्यावर निखिलला खांद्याचे पट्टे धरून वर ओढायला सांग. जॅकेट हनुवटीच्या वर आलं तर ते सैल आहे. पोहता येतं म्हणून सैल ठेवणारे पुष्कळ बघितले.

नकाशावर मी जरा वेळ घालवणार आहे, कारण भांडणं तिथेच होतात. सर्व्हे ऑफ इंडियाचा पन्नास हजारी नकाशा घेऊन सराव करा. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटर उंची. आता विचार कर, आपल्या सह्याद्रीत पंधरा मीटरचा सरळ कडा कितीतरी ठिकाणी आहे. तो त्या दोन रेषांच्या मधे गडप होतो. नकाशावर वाट मोकळी दिसते आणि प्रत्यक्षात तू कातळाच्या टोकावर उभी असतेस. दुसरा घोळ ढोरवाटांचा. सोंडेवर एक ठळक पाऊलवाट दिसते, आनंद होतो, अर्ध्या तासाने ती कारवीत विरून जाते, कारण ती माणसांची नसतेच, गुरांची असते. गावातून गडावर जाणारी वाट आणि चरायला नेणारी वाट यातला फरक दिवसा डोळ्यांना कळतो, रात्री टॉर्चच्या उजेडात दोन्ही सारख्याच.

वेळेच्या हिशेबाला नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली घालून दिलेला आडाखा अजून कामाला येतो. पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. आपल्याकडे रात्री, घसाऱ्यावर, काट्यांतून, त्याची दीडपट धरा. राजगडाच्या संजीवनी माचीखालून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंतची ती डोंगररांग आहे ना, तिच्यावर एकदा उजेडी आणि एकदा रात्री चालून या. अंदाज आणि घड्याळ यात किती अंतर पडतं ते लिहून ठेवा. तेवढा एक कागद शंभर सल्ल्यांपेक्षा उपयोगी पडेल.

आणि नकाशा एका टप्प्यात एकाच्याच हातात. दुसऱ्याने शंका बोलून दाखवायची, एकदाच. मग हातात नकाशा असलेला म्हणेल ती वाट. चुकली तर सगळे मिळून शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे जायचं. कोणी 'मी म्हणत होते' म्हणायचं नाही. टप्पा बदलला की हवं तर माणूस बदला.

एन्ड्युरोत संघ तिघांचा. तिसरा म्हणून निखिलच्या धाकट्या भावाला घेणार असं ताई म्हणाली. मला ते पटत नाही, आणि तो पळायला चांगला आहे म्हणून तर अजिबात नाही. जोडप्याबरोबरच्या तिसऱ्याचं काम सगळ्यात अवघड. तुम्ही दोघं हळू आवाजात बोललात की तो एकटा पडतो, तुम्ही भांडलात की त्याला पंच व्हावं लागतं. दीर असला तर तो दोन्हीकडून मेला. तुम्हा दोघांनाही तोंडावर 'गप्प बसा, चला' म्हणू शकेल अशी व्यक्ती शोधा. तुझी ती ऑफिसातली मैत्रीण, जी एकटी सायकलवर ताम्हिणी घाट उतरून गेली होती, तिला विचारलंस का?

बाईच्या चार गोष्टी बाई म्हणूनच सांगते. वाटेत सोय नाही म्हणून पाणी कमी पिऊ नकोस. हे आपल्याकडच्या मुली करतात आणि दुपारी आडव्या होतात. 'थांबा, मला जायचंय' हे मोठ्याने म्हणायची सवय सरावातच लाव. पाळीची तारीख तिथे येत असेल तर संघाला आधी सांग, आणि लागेल ते सॅकच्या वरच्या कप्प्यात, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. निखिलला ते कुठे आहे हे माहीत असलं पाहिजे, दिवा विझला असेल तेव्हा तुला नाही, त्याला शोधायचंय.

पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला खडकवासल्याला या, जो कोणी तिसरा किंवा तिसरी ठरेल त्याच्यासकट. काका होडीची व्यवस्था करतायत. येताना सायकलची जुनी ट्यूब आण, नवी विकत घेऊ नकोस. आणि निखिलला आत्ताच सांगून ठेव, पहिला तास दोरी त्याच्या छातीला बांधलेली असणार आहे आणि पुढे तू.

तुझी,
मीनामावशी