घटना हरवते कुठे?

प्रश्न : आम्ही लसीकरणाच्या नोंदींचे अ‍ॅप बनवतोय. नोंद झाली की इव्हेंट बसवरून साठा कमी होतो आणि पालकांना एसएमएस जातो. मोलगीकडच्या पाड्यांवर रेंज नसते. मग कधी साठा दोनदा कमी होतो, कधी एसएमएस जातच नाही. चूक कशी शोधावी? – एक वाचक, अक्कलकुवा

उत्तर : मोबाइलमधली इव्हेंट बस बहुधा मेमरीत चालते. अ‍ॅप बंद पडले की न पोचलेली घटना गेली. म्हणून नोंद आणि ‘लस दिली’ ही घटना, दोन्ही फोनच्या डेटाबेसमध्ये एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. सर्व्हरची पोच मिळेपर्यंत घटना पुसू नका.

पोच वाटेत हरवली, तर फोन तीच घटना पुन्हा पाठवणार. साठा दोनदा कमी होतो तो बहुतेक इथेच. प्रत्येक घटनेला फोनवरच कायमचा क्रमांक द्या. तो आधी येऊन गेला असेल, तर सर्व्हरने फक्त पोच द्यावी.

माग काढायला ओपनटेलिमेट्री वापरा. ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस एकत्र येऊन 2019 मध्ये हा मुक्त प्रकल्प सुरू झाला. ट्रेस आयडी, म्हणजे त्या मागाचा क्रमांक, घटनेसोबतच साठवा आणि पाठवा. मग नोंद, साठा, एसएमएस हे टप्पे एका ओळीत दिसतील. फोनवरची वेळ आणि सर्व्हरवर पोचल्याची वेळ वेगळी ठेवा.

ट्रेसमध्ये बाळाचे नाव किंवा पालकांचा नंबर कधीही टाकू नका. आणि एवढ्या कामासाठी काफ्कासारख्या मोठ्या संदेश-प्रणालीची घाई नको. आधी फोनच्या डेटाबेसमधली न पोचलेल्या घटनांची साधी रांग पक्की करा.