चालल्याने स्मृतिभ्रंश टळतो का?

प्रश्न : आमचा गणेशमूर्तींचा कारखाना आहे. वडील ६८ वर्षांचे, दिवसभर बसून मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतात. आजीला स्मृतिभ्रंश होता. व्यायामाने वडिलांचा टळेल का?
– एक वाचक, जिते (ता. पेण)

उत्तर : टळेलच अशी हमी नाही, धोका मात्र कमी होऊ शकतो. आखणीत हात आणि एकाग्रतेचा कस लागतो, पण हृदयाची गती वाढत नाही. म्हणून चालणे वेगळे हवे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२० ज्येष्ठांवरील अमेरिकी प्रयोगात आठवड्यातून तीनदा ४० मिनिटे चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणशक्तीशी निगडित मेंदूचा भाग, वर्षभरात सुमारे २ टक्क्यांनी वाढला. केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा आक्रसला. शिवाय चालण्याने रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहायला मदत होते, त्याचा फायदा मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांनाही होतो.

यावर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. आजार उघड होण्याच्या कित्येक वर्षे आधीच माणसाची हालचाल मंदावते, त्यामुळे कारण कोणते नि परिणाम कोणता, हा पेच उरतो. सोळाशेहून अधिक ज्येष्ठांवरील दोन वर्षांच्या एका चाचणीत व्यायामाने बुद्धीच्या कसोट्यांत फरक दिसला नाही. पण यावरून व्यायाम निरर्थक ठरत नाही. तो एकटा पुरेसा नाही आणि लवकर सुरू करावा, एवढेच ठरते. ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ मध्ये सांगितलेल्या १४ टाळण्याजोग्या धोक्यांत बैठेपणाबरोबर उच्च रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा आणि एकटेपणाही आहे. डॉक्टरांकडून तपासणी करून वडिलांना आठवड्याला १५० मिनिटे झपझप चालायला लावा, आणि तुम्हीही आजपासूनच त्यांच्याबरोबर निघा.