ईसीजीची पट्टी वाचण्याविषयी



नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात इंटर्नशिप करणाऱ्या विद्यार्थिनीच्या हाती दिवसभर ईसीजीच्या, म्हणजे हृदयाच्या विद्युतआलेखाच्या, पट्ट्या येत राहतील आणि यंत्राने वर छापलेले निदान आधी वाचावेसे वाटेल. तो मोह आवरावा, कारण यंत्राला मोजमाप जमते, पण समोरचा रुग्ण त्याला दिसत नाही.

प्रथम ताल पाहावा. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा व मोठा ०.२० सेकंदाचा; ताल नियमित असेल, तर दोन आर-शिखरांमधल्या, म्हणजे लागोपाठच्या ठोक्यांच्या उंच टोकांमधल्या, मोठ्या चौकोनांच्या संख्येने ३०० ला भागले की मिनिटाचे ठोके मिळतात. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, म्हणजे अलिंदांत, विद्युतसंदेश पसरताना पी-लहर उमटते, तो खालच्या कप्प्यांत, म्हणजे निलयांत, पसरताना क्यूआरएस, आणि निलये पूर्वस्थितीला येताना टी. प्रत्येक क्यूआरएसच्या आधी पी आहे का आणि दोहोंतले अंतर, म्हणजे पीआर, स्थिर आहे का, हे ठरल्याशिवाय पुढे सरकू नये. पी कोठेच नाही आणि ठोक्यांच्या अंतरालाही कसला नियम नाही, असे दिसले की एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे अलिंदांचे विस्कळीत स्फुरण, मनात धरावे. मात्र थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाची रेषाही थरथरते व त्यात पी बुडून जाते, म्हणून पांघरूण घालून पट्टी पुन्हा काढावी. पहिल्या लीडमध्ये सारे उलटे उमटले, तर आधी डाव्या-उजव्या हाताच्या तारा बदलल्या नाहीत ना, हे पाहावे.

मराठवाड्यात पट्टीइतकीच विचारपूस महत्त्वाची. लाल विंचवाच्या विषाने शरीरात अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, हातपाय गार पडून घाम सुटतो, आणि ईसीजीतील एसटी (क्यूआरएस व टी यांमधली रेषा) व टीचे बदल हृदयविकाराच्या झटक्यासारखे भासू शकतात. जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी महाड परिसरातील रुग्णांच्या उशाशी बसून विंचूदंशाचा हा विकार ओळखला आणि त्यावरील प्राझोसिन या औषधाचा उपयोग १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडला; ग्रामीण वैद्यकाने अभिमान बाळगावा, असेच हे काम आहे.

बांधावरच्या बिट्टीची, म्हणजे पिवळ्या कण्हेरीची, बी पोटात गेली असेल, तर अलिंदांकडून निलयांकडे जाणारा संदेश रेंगाळतो, पीआर अंतर पाच लहान चौकोनांपलीकडे जाते, नाडी मंदावते आणि काही वेळा पी व क्यूआरएस यांचा संबंधच तुटतो. अशा वेळी नातेवाइकांना बाजूला करून ती बी स्वतःहून खाल्ली का, हे रुग्णाला मायेने विचारावे, कारण चारचौघांत तो बोलणार नाही. पहिली पट्टी निर्दोष निघाली, तरी त्याला गावी परतण्यासाठी किनवट-मुखेडच्या गाडीत बसवून देऊ नये. विषाचा परिणाम काही तासांनीही उमटू शकतो, म्हणून त्याला मॉनिटरवर ठेवावे, पोटॅशियम तपासावे आणि ईसीजी पुन्हा पुन्हा काढावा.