नेमबाजीचा ताळेबंद

1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळविले. कौतुकाच्या वर्षावात एक प्रश्न मात्र मागे राहिला : या खेळाला खर्च किती येतो? अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मी त्याचा हिशेब मांडून पाहिला.

रायफल, जाड जाकीट, बूट हा स्थिर खर्च. एकदा केला की काही वर्षे निभावते. गोळ्यांचा खर्च बदलता, आणि भारी तोच. क्रिकेटचा चेंडू पुन्हा वापरता येतो. झाडलेली गोळी परत येत नाही. उदाहरणादाखल गोळीला 40 रुपये धरले व रोज 100 गोळ्या झाडल्या, तर 25 दिवसांत 1 लाख रुपये होतात. दहा गुणांचे वर्तुळ अवघे 10.4 मिलिमीटर व्यासाचे. सरावात काटकसर केली तर हात बसत नाही.

हा भार एकट्या कुटुंबाला पेलणे कठीण. कुसाळे यांना शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीचा व पुढे मध्य रेल्वेतील नोकरीचा आधार लाभला. आपल्या सोलापुरातही एन.सी.सी.चे छात्र सरकारी गोळ्यांवर नेम धरायला शिकतात. पण त्या मोजक्याच. त्यांच्यापैकी कोणी पुढे जाऊ पाहील, तेव्हा रायफल भेट देणारा दाता एखादे वेळी भेटेलही. परंतु दरमहा गोळ्यांची तरतूद करणारी योजना अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते.