चॉकलेट काहून फाटलं?

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत पुण्याहून नात आली आहे. घरात ओव्हन नाही, म्हणून न भाजता होणारी संत्र्याची चॉकलेटं करायचं ठरलं. पहिल्या दिवशी स्लॅब वितळवला, तर मिनिटभरात त्याचा ओल्या मातीसारखा गोळा झाला. मी म्हटलं, हे काहून फाटलं? पाण्याचा थेंबही घातला नव्हता, शपथेवर सांगते. दुसऱ्या दिवशी नेहमीचं खायचं चॉकलेट आणून वितळवलं. ते छान झालं, पण फ्रिजमध्ये ठेवल्यावर दोन दिवसांत त्यावर पांढरं आलं. शेजारीण म्हणते बुरशी, जावई म्हणतात मेण. दुकानातल्या चॉकलेटांना असं होत नाही. खरं काय?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : काकू, बुरशीही नाही आणि मेणही नाही. आणि ते फाटलंही नव्हतं. दोन दिवसांच्या दोन तक्रारी वेगळ्या दिसल्या तरी मूळ एकच आहे : तुम्ही चॉकलेटला मिठाईसारखं वागवलंत. बर्फीचं मिश्रण घट्ट झालं तर दुधाचा हबका मारायचा, गरम राहावं म्हणून झाकण ठेवायचं, लवकर आळावं म्हणून थंडीत सरकवायचं, ही हाताची सवय खव्याला चालते. चॉकलेट मात्र जातीने तुपाचं. साखरेचे आणि कोकोचे अगदी बारीक कण कोकोआ बटर नावाच्या स्निग्ध पदार्थात विखुरलेले असतात. त्यात पाणी शंभरात एक भागसुद्धा नसतं.

आता गोळ्याचं. दूध फाटतं तेव्हा चोथा आणि पाणी वेगळं होतं. तुमच्या पातेल्यात काही वेगळं झालं नाही, उलट सगळं एकमेकांना चिकटलं. वाटीभर पिठीसाखरेत दोन थेंब पाणी टाकून पाहा. तिच्या गुठळ्या होतात. तेच पाणी भरपूर घातलं तर पाक होतो. वितळलेल्या चॉकलेटात थेंबभर पाणी गेलं की साखरेचे कण ओलसर, चिकट होतात, शेजारचा कोको ओढून घेतात आणि वाहतं चॉकलेट चिखलासारखं होतं.

पण पाणी घातलंच नव्हतं, असं तुम्ही म्हणता. मला ते पटतं. घातलं नाही, ते आलं. तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला नातीच्या अक्षरात कृती आहे. उकळत्या पाण्यावर वाडगा, वाडग्यावर ताटली, शेवटी ताजी किसलेली संत्र्याची साल. दोन चोर तिथेच सापडले. ताटलीच्या आतल्या बाजूला वाफ धरते आणि ताटली उचलताना ते थेंब वाडग्यात गळतात. ताज्या सालीतही ओल असते, आणि किसताना फोडीला धक्का लागला तर रसही उतरतो. नुकत्याच धुतलेल्या चमच्याचं पाणी त्यात असेल तर तो तिसरा. तेव्हा चॉकलेट उघडंच वितळवा, खालचं पाणी उकळू न देता नुसतं गरम ठेवा, आणि वाडग्याचं बूड त्या पाण्याला टेकू देऊ नका. मायक्रोवेव्ह असेल तर वीस-वीस सेकंदांनी बाहेर काढून ढवळा.

संत्रं सोडू नका मात्र. डिसेंबरात नागपुरात राहून चॉकलेटात संत्र्याचा बाटलीतला अर्क घालणं म्हणजे जरा अतिच झालं. आंबिया बहराची फळं आत्ता बाजारात आहेत आणि आपल्या संत्र्याची साल सैल, हाताने सहज सुटणारी. ती वाकवली की बारीक फवारा उडतो. तो रस नव्हे, सालीतलं तेल. वास सगळा त्यात, आणि तेल असल्यामुळे ते चॉकलेटात बिनतक्रार मिसळतं. नको आहे ती फक्त ओल. फळं स्वच्छ धुऊन पुसा, सालीची आतली पांढरी बाजू खरवडून टाका, दोन-तीन दिवस गच्चीवर कडकडीत वाळवा आणि मिक्सरमधून काढा. २०० ग्रॅम चॉकलेटला लहान चमचाभर पूड पुरे, जास्त झाली तर कडवटपणा येतो.

तो गोळा अजून टाकला नसेल तर टाकूही नका. थोड्या पाण्याने बिघडलेलं जास्त पाण्याने सुधारतं, हे ऐकायला विचित्र आहे, पण पिठीसाखरेचा पाक आठवा. गरम दूध किंवा क्रीम एकेक मोठा चमचा घालत घोटत राहा. २०० ग्रॅमला चार-पाच चमचे गेले की चिखलाचं पुन्हा चकचकीत सारण होतं. ते साच्यात मात्र कडक होणार नाही. गार करून लाडू वळा, सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवा, आणि दूध आहे म्हणून फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा.

पांढऱ्या थराकडे येऊ. घरचं तूप कढवल्यावर सावकाश निवलं तर रवाळ होतं, घाईने गार केलं तर गुळगुळीत राहतं. तूप तेच, थिजण्याची रीत वेगळी. कोकोआ बटर याच स्वभावाचं, फक्त जास्त लहरी. ते सहा प्रकारच्या स्फटिकांत थिजू शकतं. त्यातला पाचवा प्रकार आपल्याला हवा असतो. तो चमकतो, मोडताना कट्कन आवाज करतो आणि साधारण ३४ अंशांना, म्हणजे तोंडात गेल्यावर, वितळतो. कारखान्यातून आलेलं चॉकलेट तसं बसवलेलं होतं. तुम्ही ते पूर्ण वितळवून ती घडी मोडली आणि फ्रिजमध्ये घाईने थिजवलं. मग जी कच्ची रचना झाली ती पुढच्या दोन दिवसांत आपोआप बदलत गेली, आणि काही स्निग्धांश पृष्ठावर येऊन पांढरा दिसू लागला. जावईबापूंना सांगा, ते मेण नाही, चॉकलेटचं स्वतःचंच तूप आहे.

तरी खात्री करून घ्या. त्या पांढऱ्यावर कोरडं बोट जरा चोळा. उबेने विरघळून पुन्हा तपकिरी झालं तर ते कोकोआ बटर. खरखरीत लागलं आणि ओल्या बोटाने गेलं तर ती साखर. फ्रिजमधलं थंड चॉकलेट बाहेर आलं की त्याला दव धरतं, त्यात वरची साखर विरघळते आणि पाणी उडाल्यावर पांढरी उरते. दोन्ही खायला निर्धोक आहेत, बिघडतं ते रूप आणि थोडा पोत. बुरशी लोकरीसारखी वर येते, आणि इतक्या कोरड्या पदार्थावर ती सहसा धजत नाही.

दुकानातल्या चॉकलेटांना असं का होत नाही? कारण त्यातली बरीचशी ‘कंपाउंड’ची असतात. यात कोकोआ बटरऐवजी दुसरं वनस्पतीजन्य स्निग्ध घातलेलं असतं, आणि त्याला घडी बसवण्याचे लाड लागत नाहीत. वितळवा, ओता, काढा. वेष्टनावरची घटकांची यादी वाचली की कळतं. हौशी हातांना कंपाउंड सोयीचं, यात कमीपणा नाही. चव मात्र खऱ्याचीच, हे माझं मत. दोन्ही एकत्र मिसळू नका. दोन्हींची स्निग्धं एकमेकांशी जुळत नाहीत, मिश्रण मऊ राहतं आणि पांढरंही लवकर पडतं.

खरं चॉकलेट घ्यायचं तर एक युक्ती आहे. तीन भागांतले दोन भागच वितळवा, विस्तवावरून उतरवा आणि उरलेला भाग बारीक चिरून त्यात घालत ढवळा. न वितळलेल्या तुकड्यांतली नीट घडी बाकीच्यांना वळण लावते, विरजण लावावं तशी. गडद चॉकलेट ३१-३२ अंशांवर आलं की ओता, दुधाचं असेल तर आणखी अंश-दोन अंश खाली. थर्मामीटर नसेल तर चमच्याच्या टोकाने खालच्या ओठाला लावून पाहा. अंग ३७ अंशांचं, त्यामुळे ते किंचित गार लागायला हवं.

आणि फ्रिज कशाला? २०१८ च्या २९ डिसेंबरला आपल्याकडे पारा ३.५ अंशांवर गेला होता. तितकी थंडी लागतही नाही. न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली पाहा. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं. बाटली गोठलेली असेल तर साचे ओट्यावरच ठेवा, तासाभरात सुटतील. हीच खटपट मे महिन्यात करायची म्हटली तर मी काही बोलणार नाही.

राहिली ती पांढरी पडलेली चॉकलेटं. ती वितळवून मारीच्या चुऱ्यात घाला, दुधाचा हबका खुशाल मारा, कणकेसारखं मळून लाटा. आत खोबरं, पिठीसाखर आणि लोणी पसरून वळकटी करा आणि घट्ट झाल्यावर चकत्या कापा. इथे पाणी चालतं, कारण चुरा ते पिऊन टाकतो आणि आपल्याला वाहतं काही नकोच असतं. सुरी मात्र कोरडी घ्या, म्हणजे आतली गोल नक्षी फिसकटणार नाही.