खिशातली चिठ्ठी

पोरी,

नाताळात तू किनवटला आलीस, त्या रात्री चुलीपाशी बसून होणाऱ्या नवऱ्याबद्दल विचारलंस, "आजी, त्याच्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे मी नेमकं काय करायचं?" मी भाकरी थापत होते. तुझी आई शेजारी होती म्हणून तेव्हा बोलले नाही. मला जे सांगायचं होतं त्यात तुझ्या आजोबांची एक चूक होती आणि माझीही एक होती. आता लिहिते.

आपल्या मराठीत प्रभूवर ठेवतो तो विश्वास, आणि नवऱ्यावर ठेवतो तोही विश्वासच. शब्द एक असल्यामुळे पोरी फसतात. प्रभूवर न पाहता विश्वास ठेवायचा असतो, माणसावर पाहून. "तू विश्वासणारी ना, मग माझ्यावर विश्वास का नाही?" असं कोणी म्हणालं तर सावध हो. प्रभूच्या नावावर तो स्वतःची उधारी मागतोय. मुलगा दर रविवारी उपासनेला येतो, गाणी चांगली म्हणतो, हे ऐकून मला आनंद झाला. पण उसने घेतलेले पैसे तो न मागता परत करतो का? ठरल्या वेळी येणं जमलं नाही तर आधी कळवतो का? आपल्या आईशी घरात कोणी नसताना कसा बोलतो? ते बघ.

आधी आजोबांची चूक. ते त्या काळी लाकडाच्या वखारीवर हिशेब लिहायचे. सगळ्या अंगाला सागवानाच्या भुशाचा वास. एका शनिवारी मी त्यांचा सदरा धुवायला घेतला, तर खिशात घडी घातलेली चिठ्ठी. एका मित्राच्या कर्जाला ते जामीन राहिले होते, चारशे रुपयांना. मित्र गाव सोडून गेलेला, आणि हप्ता आमच्या घरातून जात होता. पाच महिने. मला मात्र सांगितलं होतं की मालकाने पगार कापला. पाणी हातातून गळत होतं आणि मी ती चिठ्ठी वाळत घातल्यासारखी धरून उभी होते. पैशाचं दुःख नंतर आलं. आधी हे आलं, की पाच महिने हा माणूस माझ्यासमोर बसून जेवला.

आता माझी चूक. मी भांडले नाही. त्या रात्री घरच्या प्रार्थनेत, सासू-सासऱ्यांसमोर, डोळे मिटून मी मोठ्याने म्हटलं, "प्रभू, या घरातला खोटेपणा दूर कर." सगळ्यांना कळलं. आजोबांची मान खाली गेली ती आठवडाभर वर आली नाही. पोरी, प्रार्थनेतून टोमणा कधी मारू नकोस. समोरच्याला उत्तर देता येत नाही, कारण तू त्याच्याशी बोलतच नसतेस. पवित्र शास्त्रातली ओळही तशी काढू नकोस, आणि त्यालाही काढू देऊ नकोस. बायकोने नवऱ्याच्या अधीन असावं एवढंच जो वाचतो, त्याला इफिसकरांच्या पत्रातल्या त्याच अध्यायातलं पुढचंही वाचायला लाव, नवऱ्याने बायकोवर कसं प्रेम करावं ते.

योसेफाचं मी नंतर पुष्कळदा आठवलं. मरियेबद्दल त्याच्या मनात शंका होती, आणि त्या काळी शंका चव्हाट्यावर नेली असती तर तिचा जीवही गेला असता. त्याने तिची अब्रू झाकली. तुला शंका आली तर पहिल्यांदा त्यालाच विचार. नणंदेला नाही, मैत्रिणीला नाही, चर्चमधल्या बायकांच्या सभेत तर मुळीच नाही.

दुसरं लक्ष्मीबाई टिळकांचं. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' तुझ्या आईकडे आहे, लग्नाआधी वाच. त्यांच्या नवऱ्याने, नारायण वामन टिळकांनी, 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ नव्हत्या. बातमी कळली आणि बाई जवळजवळ वेड्या झाल्या. पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली. 1866 चा एक कायदा होता, जोडीदार नांदायला येत नसेल तर ख्रिस्ती झालेल्याला लग्न मोडून घेता येत असे. टिळकांनी ती वाट धरली नाही. बाई परत आल्या त्या आपला सोवळा स्वयंपाक, आपलं पाणी वेगळं ठेवून. नवरा ख्रिस्ती, चूल ब्राह्मणाची, आणि टिळकांनी जबरदस्ती केली नाही. पुढे राहुरीला असताना बाईंनी स्वतःच विचार करून जातपात टाकली, 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळक 1919 मध्ये गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' बाईंनी पुढे लिहिलं. मला त्यातली ती वेगळी चूल सगळ्यात मोठी वाटते. मोडलेला विश्वास परत यायला वर्षं लागली, आणि त्या वर्षांत तो माणूस घाई न करता थांबला.

म्हणून क्षमा आणि विश्वास एकत्र बांधू नकोस. क्षमा त्याच रात्री करता येते. विश्वासाला वेळ लागतो, आणि वेळ मागणं हे पाप नाही. आणि हात उचलला तर तिथे थांबायचं नाही. आपल्या माणसांत "सहन कर, प्रार्थना कर" म्हणणारे पुष्कळ भेटतील. कायदाही पूर्वी तसाच होता. ख्रिस्ती लोकांसाठीच्या 1869 च्या घटस्फोटाच्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार हे एकच कारण पुरे होतं, बायकोला मात्र त्याच्या जोडीला छळ वगैरे सिद्ध करावं लागे. ते 2001 मध्ये बदललं. घरातल्या छळाविरुद्ध 2005 चा वेगळा कायदाही आहे. मारहाण झाली तर आधी घरी ये, मग पोलिसांत जाऊ, पाळकांना नंतर सांगू.

मोबाईलचं विचारलं होतंस. पासवर्ड मागू नकोस, देऊही नकोस. पण तो आंघोळीला गेला आणि फोन वाजला, तर "कोणाचा आहे बघ गं" असं तो आतून सहज म्हणतो का, एवढं लक्षात ठेव.

आजोबांनी काय केलं ते सांगायचं राहिलं. माफी त्यांनी एकदाच मागितली. पण पुढच्या शनिवारपासून रात्री जेवण झालं की हिशेबाची वही माझ्यापुढे ठेवायचे. मला तेव्हा हिशेबाचं धड कळत नव्हतं, तर बोट ठेवून एकेक ओळ सांगायचे. चहा दोन आणे, बिडी, सहस्रकुंडाला जाताना गाडीभाडं. दोन-तीन वर्षं मी खरंच ऐकलं. नंतर ऐकता ऐकता झोप लागायची, तरी ते वाचत राहायचे. वही माझ्या लोखंडी पेटीत आहे, साड्यांच्या खाली. बस्त्याला येशील तेव्हा काढून देते. शेवटच्या पानावर त्यांच्याच अक्षरात नांदेडच्या दवाखान्याचा खर्च आहे, अक्षर थरथरतंय, पण पै न पै लिहिलीय.

तुझी आजी